चाळीस टक्के होईपर्यंत थांबा!

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात संधिवाताचा रुग्ण तपासला जातो, तेव्हा डॉक्टर बहुधा त्याची बोटे पाहतात, मनगट दाबतात, गुडघा वाकवायला सांगतात. पाय मात्र चपलेतच राहतात. बाहेर रांग लांबलेली असते, हाताशी वेळ थोडा असतो, आणि दिवसभर वणवण केलेला मळका, भेगाळलेला पाय डॉक्टरांसमोर वर उचलून धरण्याचा संकोच खुद्द रुग्णालाच अधिक वाटतो. दोन्ही पक्षांची अशी मूक संमती झाली की पाय तपासणीतून सुटतो आणि गोळ्यांची चिठ्ठी घेऊन, लंगडत, आल्या वाटेने परत जातो.

यात एखाद्या डॉक्टरचा दोष शोधण्यात अर्थ नाही. पाय वगळण्याची ही रीत शास्त्राच्या हिशेबवहीतच शिरलेली आहे. आमवात, म्हणजे ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो विकार, किती बळावला आहे हे ठरवण्यासाठी जगभर ‘डास-२८’ नावाचे मोजमाप वापरतात. त्यात शरीराचे अठ्ठावीस सांधे तपासायचे असतात : खांदे, कोपरे, मनगटे, हाताच्या बोटांचे सांधे आणि गुडघे. घोटे आणि पावले त्यात नाहीत. आधीच्या मोजमापात चव्वेचाळीस सांधे होते आणि त्यात पायाच्या चवड्याचे सांधेही धरलेले होते. मोजणी आटोपशीर व्हावी म्हणून ते गाळले गेले. परिणाम असा की, अठ्ठावीस सांध्यांच्या हिशेबाने ज्याचा रोग शमला असे कागदावर नोंदले जाते, त्याचे पाय सुजलेले असू शकतात. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात घरच्या बाईचे राबणे धरत नाहीत, म्हणून ती ‘काही करत नाही’ असे ठरते. तसाच हा प्रकार आहे. जे मोजायचेच नाही असे एकदा ठरले, त्यासाठी तरतूद करण्याचा प्रश्नही उद्भवत नाही.

आणि वगळलेला अवयव कोणता? या रोगाची सुरुवात पुष्कळदा जेथून होते तोच. चवड्याच्या लहान सांध्यांचे अस्तर सुजते. पुढे हाडांची टोके तळव्याच्या बाजूला उतरतात, त्यांखालची चरबीची नैसर्गिक गादी पुढे सरकते, बोटे वर उचलली जाऊन वाकतात, अंगठा शेजारच्या बोटांवर रेलतो. मग माणूस उघड्या हाडावर चालू लागतो. खड्यांवरून चालल्यासारखे वाटते, असे हे रुग्ण सांगतात, आणि ते वर्णन शरीररचनेच्या दृष्टीनेही तंतोतंत खरे असते. टोचणाऱ्या जागी घट्टे पडतात. घट्ट्याखाली जखम होते. रोग आवरण्यासाठी दिलेल्या औषधांनी शरीराची प्रतिकारशक्ती दबलेली असते, त्यामुळे जखम चिघळायला वेळ लागत नाही. ज्याच्या हाताची बोटेच वाकडी झाली आहेत त्याला स्वतःच्या पायाची नखे कापता येत नाहीत, ही साधी गोष्टसुद्धा आरोग्य खात्याच्या गावी नाही. दुसऱ्या कोणी नख कापायचे म्हटले तर तो सुनेचा, लेकीचा उपकार. आणि एकट्या राहणाऱ्या म्हातारीला तोही नाही.

ही मूठभरांची व्यथा नव्हे. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली घरोघर जाऊन पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ या उपक्रमाच्या पद्धतीने झालेली ती पाहणी होती. चार हजारांवर प्रौढांपैकी सुमारे अठरा टक्के लोकांना हाडे, सांधे वा स्नायूंचे दुखणे होते. आणि साधारण दर दोनशे प्रौढांमागे एकाला आमवात होता. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या घरात होती. त्यात प्रौढ आठ कोटी धरले आणि भिगवणचे प्रमाण लावले, तर ढोबळ हिशेबाने चार लाख माणसे केवळ आमवाताची भरतात. गुडघेदुखी, टाचदुखी, गाऊट यांची गणती यात नाहीच. आमवाताच्या रुग्णांत स्त्रिया पुरुषांच्या दुपटी-तिपटीने असतात. म्हणजे भातखाचरात लावणी करणारी, उसाची मोळी डोक्यावर घेऊन फडातून गाडीकडे जाणारी, रुग्णालयात पाळीभर उभी राहणारी परिचारिका, आणि दुकानातली विक्रेती. (या शेवटच्या वर्गाला कामावर बसण्याचा हक्क देण्यासाठी केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. बसायला स्टूल मिळावे यासाठीही कायदा करावा लागतो, यावरून मालकवर्गाच्या औदार्याची कल्पना यावी.)

पायाची काळजी हा या रुग्णांच्या उपचाराचाच भाग आहे, हे तत्त्व कोणा भाबड्या आदर्शवाद्याने काढलेले नाही. ब्रिटनमध्ये २००८ साली ‘पोडायट्री ऱ्हुमॅटिक केअर असोसिएशन’ या संस्थेने स्नायू व सांध्यांच्या विकारांमुळे पायांना त्रास होणाऱ्या लोकांसाठी सेवेची मानके प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी ‘नाइस’ या तेथील सरकारी संस्थेने आमवाताविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिले की, पायाचा त्रास असलेल्या प्रत्येक रुग्णाला पादचिकित्सकाकडून तपासणी व ठरावीक काळाने फेरतपासणी मिळाली पाहिजे. आणि गरज असेल त्या प्रत्येकाला योग्य तळ-गाद्या व उपचारी पादत्राणे उपलब्ध असली पाहिजेत. २०१८ च्या सुधारित सूचनांतही हे कायम राहिले. तेथेही सगळे आलबेल आहे असे नव्हे. मानके कागदावर आली तरी पैसा आखडता घेतला की सेवा फक्त ‘अधिक धोक्याच्या’ रुग्णांपुरती आकसते, हा अनुभव ब्रिटिश जनतेने घेतलेला आहे. परंतु मानक लिहिलेले असले तर नागरिकाला ते बोट ठेवून दाखवता येते, इतका फरक पडतो. येथे बोट कशावर ठेवायचे?

येथे आहे तो आकडा चाळीसचा. केंद्र सरकारची ‘एडिप’ योजना १९८१ पासून आहे. अपंगांना साहाय्यक साधने मिळावीत हा तिचा हेतू चांगला आहे आणि तिच्यामुळे लाखो लोकांना आधार मिळाला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण तिच्या दारात शिरायला किमान चाळीस टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही बहुतेक ठोस लाभ याच चाळीस टक्क्यांच्या उंबरठ्यापलीकडे ठेवलेले आहेत. आता आमवात जडून वर्ष-दीड वर्ष झालेल्या एखाद्या शेतमजूर बाईचा विचार करावा. तिचा चवडा सुजला आहे, पण बोटे अजून सरळ आहेत. नेमक्या याच वेळी मऊ तळाची, रुंद पुढ्याची, टाचेला पट्टा असलेली वहाण मिळाली तर तिचे चालणे सुसह्य होईल, चवड्यावरचा दाब कमी होईल, घट्टे आणि जखमा टळण्याची शक्यता वाढेल. परंतु आज तिचे अपंगत्व दहा टक्केही भरणार नाही. शासनाचे तिला अप्रत्यक्ष उत्तर असे की, बाई, घरी जा. पाय नीट बिघडू द्या. चाळीस टक्के झाले की या.

विमा योजनांची तऱ्हा याहून निराळी नाही. महात्मा जोतीराव फुले यांचे नाव दिलेली राज्याची जन आरोग्य योजना काय किंवा केंद्राची आयुष्मान योजना काय, त्यांचा पैसा मुख्यतः रुग्ण दाखल झाल्यावर, शस्त्रक्रिया झाल्यावर वाहू लागतो. बाह्यरुग्ण म्हणून आलेल्या माणसाच्या वहाणेला त्यात स्थान नाही. पाय कापायची वेळ आली तर त्याचे बिल सादर करता येते. ही रचना कोणाच्या सोयीची आहे, हे खाजगी रुग्णालयांच्या वाढत्या इमारतींकडे पाहून वाचकांनीच ठरवावे. आरोग्य केंद्रांतून द्यायच्या सेवांचे बारा गट केंद्राने ठरवले, त्यांत डोळे आहेत, दात आहेत, मानसिक आरोग्य आहे. आणि ते असलेच पाहिजेत. हाडे-सांध्यांच्या विकारांचा स्वतंत्र गट मात्र नाही. जगात सुमारे १७१ कोटी लोक या विकारांनी ग्रस्त आहेत आणि अपंगत्वाला सर्वाधिक हातभार याच विकारांचा लागतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, तरीही ही स्थिती आहे.

राज्यकर्त्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र समजण्यासारखी आहे. साहित्यवाटपाच्या शिबिरात तीनचाकी सायकलीवर बसलेल्या माणसाशेजारी उभे राहून मंत्र्यांना छायाचित्र काढता येते. न झालेल्या जखमेचे छायाचित्र कसे काढणार?

पण प्रतिबंधाचे हे तत्त्व या देशाला अपरिचित आहे असे म्हणावे, तर तसेही नाही. याच देशात, याच आरोग्य खात्यात ते मान्य झालेले आहे. आणि तेही सर्वांत तिरस्कृत मानल्या गेलेल्या रुग्णांच्या बाबतीत. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला आले. कुष्ठरुग्णाचा पाय रोगामुळे आपोआप सडत जातो, अशी तेव्हा समजूत होती. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की पाय सडत नाही. संवेदना गेल्यामुळे एकाच जागी पुनःपुन्हा दाब पडत राहतो, माणसाला ते कळत नाही, आणि जखम होते. दाब वाटून टाका, जखम टळते. त्यातून सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराची, ‘एमसीआर’ म्हणून ओळखली जाणारी वहाण रूढ झाली. राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रमात ती मोफत दिली जाते. आणि ती देताना पायाला जखम होण्याची वाट पाहिली जात नाही, तळव्याची संवेदना गेली एवढे पुरते. तसेच, मूल वाकड्या पायाने जन्मले तर तो दोष लवकर शोधून उपचार करण्याची जबाबदारी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने स्वीकारली आहे. म्हणजे कुष्ठरुग्णाचा पाय शासनाने आपला मानला, बालकाचा मानला. मग आमवाताने पोखरलेल्या प्रौढ श्रमिकाच्या पायाने काय अपराध केला?

उलट, ही वहाण सर्वांना खुली केली तर कुष्ठरुग्णांचेही भले होईल. एमसीआर चप्पल पायात दिसली की गाव ओळखते, म्हणून अनेक रुग्ण ती घालायला टाळतात, ही कुष्ठसेवेत काम करणाऱ्यांची जुनी तक्रार आहे. तीच चप्पल संधिवाताच्या, मधुमेहाच्या, टाचदुखीच्या रुग्णांच्या पायांत आली तर तिच्यावरचा शिक्का आपोआप पुसला जाईल. फक्त गरिबांसाठी, फक्त बहिष्कृतांसाठी म्हणून वेगळी काढलेली सेवा नेहमीच कलंक घेऊन येते; सर्वांसाठी असलेली सेवा तो कलंक उतरवते. समाजवाद्यांनी सार्वत्रिक सेवांचा आग्रह धरला तो केवळ समतेच्या भावनेपोटी नव्हे.

ब्रिटिश मानक जसेच्या तसे उचलून मात्र चालणार नाही. तेथले उपचारी पादत्राण म्हणजे मोजे चढवून, नाड्या बांधून घालायचा बूट. येथे चिखल आहे, उकाडा आहे, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे उंबरठा आहे. वहाण दाराबाहेर काढायची ही आपली रीत. त्यामुळे घरात राबणारी बाई दिवसाचे बहुतेक तास शहाबादी फरशीवर किंवा कोब्यावर अनवाणी उभी असते. बाजाराला जाताना अर्धा तास पायात घातलेली चांगली चप्पल तिच्या चवड्याचे कितीसे रक्षण करणार? स्वयंपाकघरात चप्पल घालायची म्हटली तर सासू नाक मुरडते आणि देवघराजवळ तर बोलायलाच नको. म्हणून महाराष्ट्रासाठी लिहिलेल्या मानकात पहिल्या पानावर असे असले पाहिजे की, रुग्णाला दोन जोड द्यावेत, एक बाहेरचा आणि एक घरातला. आणि घरातला जोड हे औषध आहे, तो ओट्याशी उभे राहतानाही पायात असला पाहिजे, हे डॉक्टरांनी किंवा आशा कार्यकर्तीने घरच्या मंडळींसमक्ष सांगावे. जयपूर फूटचे उदाहरण डोळ्यांसमोर आहेच. परदेशी कृत्रिम पायाने उकिडवे बसता येत नव्हते, बुटाविना चालता येत नव्हते. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास असा पाय घडवला की शेतकरी अनवाणी शेतात जाऊ शकला. गेलेल्या पायासाठी जी प्रतिभा खर्च झाली, तिचा अल्पांश असलेल्या पायासाठी खर्च करायला कोणती अडचण आहे?

कारागिराचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ‘पायीची वहाण पायीच बरी’ ही म्हण ज्या समाजाने घडवली, त्याने शरीरातला पाय आणि समाजातला चर्मकार या दोघांनाही एकाच पायरीवर ठेवले होते. पायाच्या दुखण्याकडे होणाऱ्या दुर्लक्षात या मनोवृत्तीचा काहीच वाटा नाही, असे मानणे कठीण आहे. हृदयाचा तज्ज्ञ व्हावे, मेंदूचा व्हावे, हे सुशिक्षित घरांना समजते. पायाचा तज्ज्ञ म्हटले की हसू येते. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांविषयीच्या कायद्याच्या परिशिष्टात पादचिकित्सकाचे नाव आले, हे स्वागतार्ह आहे. पण कायद्यात नाव आल्याने जिल्हा रुग्णालयात माणूस येत नाही. दुसरीकडे, पिढ्यान्‌पिढ्या पावलाचे माप घेऊन वहाण बेतणारा कारागीर कारखान्यातल्या प्लास्टिक चपलेने देशोधडीला लागला आहे. त्याला वर्षभराचे शास्त्रशुद्ध शिक्षण देऊन जिल्हा रुग्णालयात उपचारी पादत्राणांचा तंत्रज्ञ म्हणून सन्मानाने नेमता येईल. संत रोहिदास यांच्या नावाचे चर्मोद्योग महामंडळ राज्यात १९७४ पासून आहे. मुंबईत हाजीअलीला शारीरिक पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहे, पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. कौशल्याचा दुष्काळ आहे असे कोणी सांगू नये.

‘देश गरीब आहे, क्षय आणि कुपोषण आधी’ हा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला गंभीर उत्तर दिले पाहिजे. अशी वहाण काहीशे रुपयांत तयार होते. संधिवातावरची नवी औषधे हजारो रुपयांची असतात. मजुरी बुडणे, मुलीची शाळा सुटून तिने घर सांभाळणे, सावकाराकडून कर्ज काढणे हा खर्च अर्थसंकल्पात दिसत नाही, कारण तो गरिबाच्या घरात होतो. पाय शाबूत ठेवणे ही चैन नसून रोजगाराच्या साधनाची दुरुस्ती आहे. कारखानदार यंत्राची झीज वजा दाखवून करात सवलत घेतो, श्रमिकाने आपल्या पायांची झीज कोणाला दाखवावी? आणि पैसा नाही म्हणणाऱ्यांनी २०१७ चे राष्ट्रीय आरोग्य धोरण काढून पाहावे. २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन त्यात होते. २०२१-२२ च्या अधिकृत हिशेबात, महामारी अंगावर असताना, तो १.८४ टक्के होता. दरम्यान १ जानेवारी २०२२ पासून हजार रुपयांच्या आतील साध्या चपलेवरचा वस्तू व सेवा कर पाच टक्क्यांवरून बारा टक्के केला गेला आणि सप्टेंबर २०२५ पर्यंत तो तसाच वसूल झाला. जे सरकार वहाण देऊ शकत नव्हते, ते वहाणेवर कर मात्र घेऊ शकत होते.

बाजार ही पोकळी भरून काढील, असेही कोणी सांगतील. तो ती भरतोच आहे. फुटपाथपासून झगमगीत दुकानापर्यंत ‘डॉक्टर चप्पल’ विकली जाते. त्यातले ‘डॉक्टर’ हे विशेषण वैद्यकीय नसून व्यापारी आहे. मऊ लागते म्हणून पाय सुखावतो. पण बोटांना जागा आहे का, टाच धरली जाते का, चवड्याखालचा दाब वाटला जातो का, हे गिऱ्हाईकाला कळण्याचा मार्ग नाही. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच दाखवले की आरोग्यसेवेच्या बाजारात विकणाऱ्याला जे माहीत असते ते घेणाऱ्याला माहीत नसते, म्हणून हा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही. वेल्समधील समाजवादी डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये त्याच्यापुढचे पाऊल टाकले : जेथे गरज जास्त तेथे चांगली सेवा कमी, आणि बाजाराचा वावर जितका मोकळा तितकी ही विषमता तीव्र. पुण्या-मुंबईत पैसेवाल्याला संगणकावर पावलाचा दाब मोजून मिळतो. भिगवणच्या बाईला नाही.

मागणी मोठी नाही. संधिवाताचे निदान होईल त्या दिवशी आणि पुढे दरवर्षी एकदा, वहाण काढून पाय तपासला जावा आणि केसपेपरवर त्याची नोंद व्हावी. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात पायाची विभागणी न करता एकच पाद-कक्ष असावा. कुष्ठ, मधुमेह, संधिवात अशा वेगवेगळ्या खिडक्या नकोत. लाल झालेला, चिघळलेला पाय घेऊन येणाऱ्याला ‘पुढल्या बुधवारी या’ असे सांगता कामा नये; त्याच दिवशी तो पाहिला गेला पाहिजे. नखे व घट्टे काढण्याचे काम शिकलेली परिचारिका उपकेंद्रात ठरल्या दिवशी बसावी. आणि वहाणेसाठी अपंगत्वाच्या टक्केवारीची अट पूर्णपणे रद्द व्हावी. डॉक्टरची चिठ्ठी पुरेशी मानावी.

यासाठी नवे खाते काढायला नको, की नवा कायदाही नको. कुष्ठरोग कार्यक्रमात वहाणांची खरेदी आजही होते. त्या ओळीत ‘तसेच संधिवात व मधुमेहाचे रुग्ण’ एवढे शब्द घालून रक्कम वाढवण्याची सूचना येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात आरोग्य खात्याच्या मागण्यांवर बोलताना कोणीही आमदार मांडू शकतो. भिगवणच्या पाहणीला तीन दशके होत आली आहेत.